ओट्याखालची गळती आणि मलिक अंबरची नहर

सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या रविवारी तीन विषय होते. पार्किंग, टँकरची वर्गणी आणि आमच्या घरातलं पाणी. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या बरोबर खाली तळमजल्यावर ज्या काकू राहतात, त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर एक ओला डाग पडला होता. आधी ताटलीएवढा, मग परातीएवढा. रंगाचे पोपडे त्यांच्या गॅसच्या शेगडीवर पडायला लागले होते.

काकूंशी आमचे बारा वर्षांचे संबंध. ईदला आमच्याकडचा शीरखुर्मा पहिल्यांदा त्यांच्याकडे जातो आणि संक्रांतीला त्यांच्या गुळाच्या पोळ्या आमच्याकडे येतात. पण छत गळायला लागलं की संबंधांनाही ओल लागते. त्या दिवशी काकू वैतागून म्हणाल्या, "सर आठवडाभर गावाला गेले होते, तेव्हासुद्धा डाग वाढतच होता हो!" मला ते अतिशयोक्त वाटलं. घरात माणूसच नाही तर पाणी कुठून गळेल? मी काही बोलणार तोच मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "यांच्याकडे दिवसातून पाच वेळा हातपाय धुणं चालू असतं. पाणी लागणारच."

दोन-तीन जण हसले. काकू हसल्या नाहीत, हे मी नंतर आठवून पाहिलं. त्या क्षणी मात्र मला फक्त हसू ऐकू आलं.

मी काही उत्तर दिलं नाही. आमच्या घरी वजू बाथरूममधल्या बेसिनवर होतो आणि डाग स्वयंपाकघराखाली आहे, हे सांगता आलं असतं. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला जास्त पाणी वापरू नका, ही शिकवण आमच्याकडे पोरांना लहानपणीच दिली जाते, हेही सांगता आलं असतं. पण मी रागात होतो, आणि रागात माणूस दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकत नाही. काकूंच्या वाक्यात गळतीचं निदान होतं. ते मला समजायला आणखी तीन आठवडे लागले.

दोनदा बदललेला पाइप

आमच्या सिंकखालच्या कपाटात सतत ओल असायची. प्लंबर पहिल्यांदा आला, त्याने टॉर्च मारून पाहिलं. सिंकचा तो पांढरा, वळ्यावळ्यांचा सांडपाण्याचा पाइप जिथे वाकतो, तिथे खालच्या टोकाला थेंब लटकत होता. "पाइप गेला," तो म्हणाला आणि पाइप बदलला. चार दिवसांनी बायकोने हाक मारली, "अजी, फिर गीला है अंदर." प्लंबर पुन्हा आला. पुन्हा त्याच वळणावर थेंब. पुन्हा नवीन पाइप, शिवाय सिंकच्या कडेने सिलिकॉन आणि दिसेल त्या सांध्यावर टेफ्लॉनची पांढरी पट्टी. आठवड्याने पुन्हा थेंब.

अम्मी म्हणाली, "पाइप बदलके क्या होगा, पानी किधर से आ रहा वो तो देखो." मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मी शिक्षक, प्लंबर नाही. हे आपलं काम नाही, असं मला वाटत होतं.

हा शेवटचा विचारच माझ्या डोक्यातून काढला तो सातवीतल्या एका मुलाने.

वर्गातला प्रश्न

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. दरवर्षी मुलांना घेऊन पाणचक्की बघायला जाण्याची माझी पद्धत आहे. गावातच आहे, रिक्षाने जाता येतं, आणि मराठीत निबंध लिहायला एक चांगला विषय मिळतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. १८व्या शतकात, निजामुल्मुल्क आसफजाह यांच्या काळात तिचं काम झालं. लांबच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणलं, ते एका उंच भिंतीतून वर चढवलं, तिथून हौदात पाडलं आणि त्याच जोरावर दगडी जातं फिरवलं. जात्यावर दळलेलं पीठ खानकाहमध्ये उतरणाऱ्या फकिरांच्या, मुसाफिरांच्या जेवणासाठी. ना बैल, ना माणूस, ना वीज.

सहलीच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर आकृती काढून समजावत होतो. पाणी आपली पातळी कशी शोधतं, बंद नळातून गेलं की ते खालून पुन्हा वर कसं चढतं, वगैरे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "सर, सगळे नळ जमिनीत गाडलेले. मग फुटला तर कुठे फुटला हे कसं कळायचं?"

वीस वर्षं मी पाणचक्कीबद्दल बोलतोय. कोणी बांधली, कधी बांधली, का बांधली, सगळं सांगतो. पण ती बिघडली तर काय करायचे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुस्तकांनाही तो फारसा पडत नाही. आपला इतिहास बांधणाऱ्यांचा असतो. दुरुस्त करणाऱ्यांचा नसतो.

त्या मुलाला मी म्हटलं, उद्या सांगतो. आणि घरी येऊन वाचायला बसलो.

झिरपा, मनोरे आणि माणूस उतरेल एवढं तोंड

सुरुवात अर्थातच मलिक अंबरपासून. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनला आलेला हा हबशी माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी या गावी राजधानी वसवली. पुढे त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या काळात ती फतेहनगर झाली, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावावर आपण पुष्कळ भांडतो. पण या जागी शहर तगू शकलं, त्यात मलिक अंबरने १७व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आणलेल्या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. तीच नहर-ए-अंबरी.

ही नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे. शहराच्या उत्तरेला जमिनीत जिथे पाणी झिरपतं, तिथे खोल बांधीव भुयारी मार्ग काढला. त्यात आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी थेंबथेंब उतरतं, जमा होतं आणि उताराने शहराकडे निघतं. माझ्या सिंकखाली जो झिरपा दोष होता, तोच तिथे झरा होता. शहरात आलेलं पाणी हौदांत साठवायचं आणि तिथून मातीच्या खापरी नळांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात न्यायचं.

ही विद्या इराणकडची. तिकडे तिला कारेझ म्हणतात. आपल्या शेजारी बिदरजवळ नौबादला बहमनी काळातला कारेझ आहे. बुऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळचा कुंडी भंडारा आहे. या विषयावर अबू बक्र अल-करजी या गणितज्ञाने ११व्या शतकात एक आख्खं पुस्तक लिहून ठेवलंय. भूगर्भातलं पाणी कसं ओळखायचं, उतार कसा मोजायचा, भुयार कसं खणायचं, आणि खणून झाल्यावर ते साफ आणि शाबूत कसं ठेवायचं, हे सगळं त्यात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या गणितज्ञाने देखभालीलाही लिहिण्याजोगा विषय मानलं होतं.

म्हणूनच नहरीवर ठरावीक अंतराने माणूस आत उतरू शकेल अशी तोंडं ठेवलेली असतात. कुंडी भंडाऱ्यात तर एकामागोमाग एक अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून खणताना माती बाहेर काढायची, हवा आत येऊ द्यायची आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या आत उतरून गाळ काढायचा, भेग बुजवायची.

मातीच्या बंद नळांचा प्रश्न आणखी वेगळा. इथे कळीचा मुद्दा आहे दाब. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असेल तर तळाशी साधारण एका वातावरणाएवढा जादा दाब पडतो. खापराचा नळ आणि चुन्याचा सांधा हा दाब फार सोसत नाही. डोंगराकडून थेट शहरापर्यंत एकच बंद नळ टाकला तर सखल भागातले सांधे फुटणारच. यावर विजापूरच्या आदिलशाही कारागिरांनी काय केलं, ते आजही उभं आहे. मुहम्मद आदिलशाहच्या काळात, १६५१ मध्ये बांधलेल्या बेगम तलावातून शहरात मातीच्या नळांनी पाणी आणलं. हे नळ बांधकामात गुंडाळून जमिनीत खोल पुरले, आणि वाटेत जागोजागी उंच चौकोनी मनोरे उभारले. त्यांना गंज म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढतं, उघड्यावर येतं, दाब तिथे संपतो, गाळ तळाशी बसतो आणि पाणी पुन्हा पुढच्या नळात शिरतं. त्यामुळे पूर्ण उंचीचा भार कुठल्याच सांध्याला सोसावा लागत नाही.

हीच युक्ती इस्तंबूलमध्ये 'सू तेराझिसी' म्हणजे पाण्याचा तराजू या नावाने दिसते. आणि हीच युक्ती पुण्याला. १८व्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, त्या नळाच्या मार्गावरच्या उंच बांधकामांना उच्छ्वास म्हणतात. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही पुण्यातली नावं आपण ऐकतो. त्यातला 'हौद' हा शब्द अरबी 'हौज'वरून आलेला. पाणी आणणाऱ्याने ही विद्या कोणत्या दरबारातून आली, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर पुणं तहानलेलं राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उत्तर दिलं. नळाची लांबी कितीही असो, तो मनोऱ्यांनी तुकड्यांत वाटलेला असतो. या मनोऱ्यात पाणी पुरेसं चढतंय आणि पुढच्यात कमी येतंय, तर बिघाड या दोघांच्या मधे. सगळं गाव खणायचं नाही. वरून सुरुवात करायची, एकेक टप्पा तपासायचा, जिथपर्यंत ठीक आहे तिथपर्यंत सोडून द्यायचं.

हे बोलता बोलता मी खडू हातात धरून थांबलो. आमच्या सिंकखाली प्लंबरने आणि मी नेमकं उलटं केलं होतं. आम्ही खालून सुरुवात केली होती. थेंब जिथे पडतो, तिथेच पाणी फुटतं असं धरून चाललो होतो.

तीन रात्री

त्या संध्याकाळी कपाटातले डबे, फिनाइलची बाटली, कांद्यांची टोपली सगळं बाहेर काढलं. जुन्या सुती बनियनने प्रत्येक पाइप, प्रत्येक नट पुसून कोरडा केला. खाली उर्दू वर्तमानपत्र पसरलं. वर्तमानपत्राचा फायदा असा की थेंब पडला की त्याचा गोल डाग कागदावर राहतो.

सिंकखाली दोन प्रकारचं पाणी असतं. एक येणारं, ते कायम दाबाखाली असतं. दुसरं जाणारं, ते फक्त आपण सिंक वापरतो तेव्हाच वाहतं. गळती यांतली कोणती, हे आधी ठरवायचं. पहिल्या रात्री भांडी आवरल्यावर सगळ्यांना सांगितलं, सकाळपर्यंत या नळाला हात लावायचा नाही. फज्रला उठलो आणि आधी कपाट उघडलं. कागद भिजलेला होता.

रात्रभर सिंकमध्ये थेंबही पडला नव्हता, तरी गळती चालू होती. म्हणजे सांडपाण्याचा पाइप निर्दोष होता. दोनदा बदललेला, दोनदा शिव्या खाल्लेला पाइप! आणि त्या क्षणी मला काकूंचं वाक्य आठवलं. आम्ही आठवडाभर गावाला असतानाही डाग वाढत होता. त्या खरंच सांगत होत्या. सिंक कुणी वापरत नसताना छत ओलं होत असेल तर दोष येणाऱ्या पाण्यात आहे, हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. गळती वर होते, पण ती दिसते खाली. खालच्याला जे माहीत असतं ते वरच्याला माहीत नसतं. मी त्यांचं बोलणं तक्रार म्हणून ऐकलं, माहिती म्हणून ऐकलं नाही.

दुसऱ्या रात्री भिंतीतला अँगल कॉक बंद केला. सकाळी कागद कोरडा. म्हणजे भिंतीच्या आतली लाइन आणि अँगल कॉकचा भिंतीतला सांधा ठीक आहेत. बिघाड अँगल कॉकच्या पुढे, नळापर्यंतच्या कनेक्शन पाइपमध्ये किंवा त्याच्या दोन टोकांवर. एक मनोरा ओलांडला.

तिसऱ्या रात्री कॉक पुन्हा उघडला. कनेक्शन पाइपच्या वरच्या नटाला, मधल्या भागाला आणि खालच्या नटाला टिश्यू पेपरच्या वेगवेगळ्या पट्ट्या गुंडाळल्या. कपाटात पाठीवर आडवा झालो, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरला आणि दाढीचा आरसा सिंकच्या मागे नेला. दहा मिनिटांत सगळ्यात वरची पट्टी काळवंडली. नळाच्या अगदी बुडाशी, जिथे हात नीट पोहोचत नाही आणि नजर तर जातच नाही, तिथल्या नटाभोवती क्षारांचा पांढरा थर बसला होता. आमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं जड पाणी येतं. ते जिथून हळूहळू झिरपतं, तिथे सुकून असा थर ठेवून जातं. गळती फार दिवसांची होती, आणि ती आपली सही करून गेली होती.

तिथून निघालेलं पाणी कनेक्शन पाइपच्या जाळीवरून खाली यायचं. पाइपाला मधे झोळ होता, तो झोळ सांडपाण्याच्या पाइपाला टेकलेला. थेंब तिथे रस्ता बदलायचा, वळ्यावळ्यांवरून उतरायचा आणि वळणाच्या तळाशी लटकायचा. हातभर वरचा गुन्हा खालच्याच्या नावावर.

त्या रात्री मी त्या थेंबाखाली एक वाडगं ठेवलं. आठ तासांत सव्वा लिटरच्या आसपास पाणी जमलं. दिवसाला साडेतीन लिटरच्या वर, महिन्याला शंभर लिटरपेक्षा जास्त. पाण्याचे पाच जार. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, जिथे पैठणच्या नाथसागरातून वीज जाळून पाणी चढवावं लागतं, तिथे आम्ही पाच जार काकूंच्या छतात ओतत होतो. मीटिंगमध्ये बोललेलं ते वाक्य चुकीचंच होतं, त्यामागची भावनाही चुकीची. पण पाणी आमच्याच घरातून जात होतं, हेही खरं होतं. अपमान झाला म्हणून गळती खोटी ठरत नाही.

दहा रुपयांचं काम

दुरुस्ती अर्ध्या तासाची. अँगल कॉक बंद केला. वरचा नळ उघडून अडकलेलं पाणी आणि दाब काढून टाकला. खाली वाडगं ठेवून नट सैल केला. आतला रबरी वायसर बाहेर आला तो कडक, चिरलेला, बोटाने दाबला तर तुटणारा. त्याच्याभोवती प्लंबरने मायेने गुंडाळलेला टेफ्लॉन होता. इथे एक गोष्ट मी शिकलो. टेफ्लॉन आट्यांमधली फट भरायला चांगला. भिंतीतल्या सांध्याला तो लागतोच. पण कनेक्शन पाइपच्या नटात पाणी अडवतो तो वायसर. आट्या फक्त त्याला दाबून धरतात. वायसर मेला असेल तर वरून कितीही पट्टी गुंडाळा, पाणी वाट काढतंच.

नटाच्या आतला क्षार जुन्या टूथब्रशने आणि लिंबाने साफ केला. दहा रुपयांचा नवा वायसर बसवला. नट आधी हाताने घट्ट केला, मग पान्याने फक्त पाव फेरा. जास्त जोर लावला तर वायसर कापला जातो आणि आपणच नवी गळती तयार करतो. कॉक हळूहळू उघडला. टिश्यू कोरडा. रात्रभर वर्तमानपत्र ठेवलं. फज्रला कागद जसाच्या तसा, बातम्यांसकट कोरडा.

सांध्यात काय भरायचं हा प्रश्नही जुनाच आहे. आपल्याकडे लोखंडी पाइपांच्या काळात प्लंबर सफेदा आणि धागा वापरायचे, काही अजून वापरतात. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ साली रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला दुसरंच काही शोधताना योगायोगाने सापडला. त्याच्या कितीतरी आधी उस्मानी तुर्क मातीच्या नळांचे सांधे 'ल्योक्यून' नावाच्या लुकणाने भरत. विझवलेला चुना, जवसाचं तेल आणि कापूस एकत्र कुटून ते करत. कडक होतं पण पाणी धरून ठेवतं.

त्याच इस्तंबूलमध्ये मिमार सिनान या महान वास्तुकाराने १५५४ ते १५६४ या दहा वर्षांत शहराच्या पाण्याची मोठी व्यवस्था उभी केली. सिनानचं नाव जगाला माहीत आहे. पण ते पाणी पुढे वाहत राहिलं ते 'सूयोलजू' म्हणजे पाणवाटेच्या राखणदारांमुळे. नळाच्या मार्गावर फिरायचं, सांधे तपासायचे, भेगा बुजवायच्या, हेच त्यांचं काम. त्याबदल्यात त्यांना काही करांतून माफी असे. राज्याने दुरुस्तीला बक्षिसाचा नव्हे, नेमणुकीचा दर्जा दिला होता.

मरम्मत

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. त्या कपाटात पडल्या पडल्या मी मोजत होतो. नळ संस्कृतातून आला. मोरी आणि दुरुस्ती फारसीतून. बादली आणि मिस्त्री पोर्तुगिजांकडून. वायसर इंग्रजांचा. आणि उर्दूत आपण जिला मरम्मत म्हणतो, ती अरबीतून. एक ओटा दुरुस्त करायला एवढ्या लोकांनी शब्द दिलेत. यातलं आपलं कुठलं आणि परकं कुठलं, हे ठरवत बसलो तर सिंक गळतच राहील.

पण मला आज बोलायचंय ते आपल्याबद्दल, मुसलमानांबद्दल. मलिक अंबरच्या स्मृतिदिनाला आपण त्याचं चित्र एकमेकांना पाठवतो. तो १६२६ मध्ये गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. एका गुलामाने शहर वसवलं, पाणी आणलं, हा अभिमान खरा आहे आणि तो सांगायलाच हवा. आपल्या पूर्वजांनी इथे फक्त लढाया केल्या असं म्हणणाऱ्याला पाणचक्कीपाशी घेऊन जायला हवं. पण त्याच नहरीचा मोठा भाग रस्त्यांखाली, पायांखाली, इमारतींखाली तुटला, बुजला, सांडपाण्याने नासला. यात सरकारची चूक आहे. आपली काहीच नाही का?

वक्फच्या फिकहमध्ये एक स्पष्ट नियम आहे. वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च करायचा तो त्या मालमत्तेच्या दुरुस्तीवर. वाकिफने दस्तात तसं लिहिलेलं नसलं तरीही. आधी मरम्मत, मग बाकीचे हक्कदार. हनफी फुकहांनी हा क्रम विचार करून लावला. मोडकळीला आलेल्या मालमत्तेतून कुणाचंच भलं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आज आपण नवी मिनार बांधायला वर्गणी काढतो. ती लगेच जमते, कारण मिनारीखाली पाटी लागते. वजूखान्यातल्या गळक्या तोट्यांचे वायसर बदलायला वर्गणी लागत नाही, फक्त कुणीतरी लागतं. ते कुणीतरी सापडत नाही. मीही चाळिशी ओलांडेपर्यंत त्यातला नव्हतो.

म्हणून आमची गळती थांबल्यावर पुढच्या शनिवारी पाना, सहा वायसर आणि टूथब्रश घेऊन मोहल्ल्यातल्या मशिदीत गेलो. मुख्य कॉक बंद केला आणि चार तोट्या दुरुस्त केल्या. दोन तोट्या पार झिजलेल्या होत्या, त्या बदलायला सांगितल्या. सातवीतला तो मुलगा बादली धरून बाजूला उभा होता. त्याने मला विचारलं, "सर, नहरीत उतरणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलीत?" मी म्हटलं, "नाही लिहिली." तो म्हणाला, "मग आपण निबंधात त्यांच्यावरच लिहू का?" पाणचक्कीवरचे वीस वर्षांचे निबंध मी तपासलेत. या वर्षीचा पहिला वेगळा निघाला.

काकूंकडे मी बायकोला घेऊन गेलो. गळती आमचीच होती, हे सांगितलं. त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही बरोबर सांगत होतात आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. छत रंगवून देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आधी नीट वाळू दे. ओल्यावर रंग टिकत नाही. दिवाळीच्या आधी बघू." मग थोडं थांबून, "त्या दिवशी मागून जे कुणी बोललं, ते मला आवडलं नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." मी म्हटलं, "मीही."

डाग आता कडेने आत सुकत चाललाय. परातीचा पुन्हा ताटलीएवढा झालाय.

मागच्या रविवारी दुपारी खालून हाक आली. "सर, तुमचा तो पाना घेऊन या बरं जरा. आमच्याही बेसिनखाली पेपर टाकून पाहिला. ओला निघाला."